आकाशातील वजनकाटा

वर्तमानपत्रांतून अधूनमधून एखाद्या फुटलेल्या ताऱ्याचे किंवा दूरच्या आकाशगंगेचे रंगीत चित्र छापून येते आणि खाली ‘उपग्रहाने घेतलेले क्ष-किरण छायाचित्र’ अशी एक ओळ असते. ती वाचून कोणाचाही समज असा व्हावा की, वर अवकाशात एक मोठा कॅमेरा टांगलेला आहे, त्याचा खटका दाबला गेला आणि तयार फोटो खाली आला. खरे पाहता वरून फोटो येतच नाही. येते ती आकड्यांची यादी. कोणता कण किती वाजता आला, कोठे पडला आणि त्याच्यात जोर किती होता, अशा ओळींमागून ओळी. चित्र मागाहून जमिनीवर बसून माणसे काढतात. त्यातले तांबडा, हिरवा, निळा हे रंगही माणसांनीच वाटून दिलेले असतात, कारण क्ष-किरणांना आपल्या डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. कमी जोराच्या कणांना तांबडा आणि अधिक जोराच्यांना निळा, असा साधारण प्रघात आहे. चित्र छापणारी बहुतेक पत्रे एवढेही सांगत नाहीत. आमच्या मते यात वाचकांचे नुकसानच होते, कारण चित्रापेक्षा ती यादी अधिक नवलाची आहे.

ही यादी वर कशी लिहिली जाते, खाली कशी येते आणि वाटेत तिच्यातून काय गळते, ते आज सांगण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी दोन उपग्रह डोळ्यांसमोर ठेवू. एक भारताचा ॲस्ट्रोसॅट, जो २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून वर गेला. दुसरा अमेरिकेचा चंद्रा, जो २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया यानातून गेला. या दुसऱ्याला लाहोरास जन्मलेले आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेले आहे.

आधी हे सारे वर का न्यावे लागते ते पाहू. आपल्या बेटावर ब्रा-दो येथे एक रेडिओ दुर्बीण उभारलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. मॉरिशस विद्यापीठ आणि भारतातील दोन संशोधन संस्था यांनी मिळून ती उभी केली आणि १९९२ पासून तिने दक्षिणेकडील आकाशाची पाहणी केली. पूर्व-पश्चिम दोन किलोमीटरांच्या रांगेत तिचे १०२४ पीळदार अँटेना होते. ती झाडीत, जमिनीवर उभी राहू शकली याचे कारण रेडिओ लहरी हवेतून खाली पोहोचतात. क्ष-किरण पोहोचत नाहीत. इस्पितळात ते आपल्या अंगातून आरपार जातात खरे, परंतु पृथ्वीवरचा हवेचा थर एवढा जाड आहे की आकाशातून आलेला क्ष-किरण वरच जिरून जातो. ते आपल्या दृष्टीने बरेच आहे. फक्त खगोलशास्त्रज्ञांची तेवढी अडचण झाली.

म्हणून १९६२ च्या जूनमध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटातून एक मोजयंत्र वर धाडले. ते काही मिनिटेच हवेच्या वर राहिले, पण तेवढ्यात वृश्चिक राशीच्या बाजूने क्ष-किरण येत असल्याचे त्याला आढळले. हाच तो वृश्चिक, जो ऊसतोडीच्या दिवसांत रात्री आपल्या बेटाच्या अगदी माथ्यावर येतो. पुढे १२ डिसेंबर १९७० रोजी केवळ क्ष-किरणांसाठी बनवलेला पहिला उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातल्या तळावरून, म्हणजे आपल्याच हिंदी महासागरातून, सोडण्यात आला. तो दिवस केनियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून त्याचे नाव ‘उहुरू’ ठेवले. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. भारताच्या १९७५ च्या पहिल्या उपग्रहावर, आर्यभटावरही, क्ष-किरण मोजण्याचे यंत्र होते. पण वीजपुरवठा बिघडल्यामुळे काही दिवसांतच त्याचे प्रयोग थांबले. तेव्हापासून ॲस्ट्रोसॅटपर्यंत चाळीस वर्षे गेली.

ॲस्ट्रोसॅटवर जी क्ष-किरण दुर्बीण आहे ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यातला कॅमेरा इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाने दिला. साधा आरसा येथे कामाचा नाही, कारण क्ष-किरण समोरून पडला की आरशात घुसतो, परतत नाही. मात्र अगदी तिरपा पडला तर घसरत पुढे जातो. आपली मुले लगूनच्या शांत पाण्यावर चपटा दगड तिरपा फेकतात आणि तो बुडण्याऐवजी उड्या मारीत जातो, तसाच प्रकार. त्यासाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची नळकांडी एकात एक बसवून त्यांच्यातून किरण दोन मीटर मागे एका बिंदूवर आणलेले आहेत. त्या बिंदूवर सिलिकॉनची एक चकती आहे. तिच्यावर ६०० आडवी आणि ६०० उभी अशी बारीक घरे आखलेली आहेत. एका घराची बाजू मिलिमीटरचा पंचविसावा भाग. चकती उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवतात, नाही तर तिच्या स्वतःच्या उष्णतेने उठलेली वीज खऱ्या कणांत मिसळून जाईल.

आता मुख्य गोष्ट. ऊसतोडीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या वजनकाट्याशी आपल्यापैकी बहुतेक घराण्यांचा कधी ना कधी संबंध आलेला आहे. कामियों काट्यावर चढतो, कारकून वेळ लिहितो, ऊस कोणाचा ते लिहितो, वजन लिहितो आणि पावती फाडून देतो. पावतीवर जे चढले नाही त्याचे पैसे नाहीत, हे लहान शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. उपग्रहातला कॅमेरा म्हणजे असाच एक काटा आहे आणि त्याच्यावर येणारी प्रत्येक गाडी म्हणजे क्ष-किरणाचा एक कण, ज्याला फोटॉन म्हणतात.

वजन होते ते असे. आपल्या नेहमीच्या उजेडाचा एक फोटॉन सिलिकॉनवर पडला तर त्यातून एकच इलेक्ट्रॉन सुटा होतो. एकाला एक, त्यामुळे फोटॉन मोठा की लहान हे कळायला मार्ग नाही. क्ष-किरणाचा फोटॉन मात्र हजारो पटींनी जोरदार. तो पडला की एका दमात शेकडो, हजारो इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांची संख्या फोटॉनच्या जोराच्या प्रमाणात असते. सुटलेले इलेक्ट्रॉन मोजले की फोटॉनचे वजन झाले. काटा खरा आहे की नाही हे तपासायला सरकारी निरीक्षक प्रमाण वजने घेऊन येतो. तशी सोय वरही आहे. ॲस्ट्रोसॅटच्या चकतीच्या चार कोपऱ्यांवर किरणोत्सारी लोखंडाचे चार बारीक ठिपके रोखलेले आहेत. त्यांतून ठराविक जोराचाच फोटॉन निघतो आणि तो सिलिकॉनमध्ये सुमारे १६०० इलेक्ट्रॉन सुटे करतो. काट्याने तेवढेच दाखवले तर ठीक, नाही तर दुरुस्ती करायची. अडचण एवढीच की या लोखंडाचा जोर दर पावणेतीन वर्षांनी निम्मा होतो, म्हणून दहा वर्षांनी ही प्रमाण वजने फारच अशक्त होतात.

इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी ते चकतीवरून बाहेर आणावे लागतात. विहिरीवरून पाण्याच्या घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तशी प्रत्येक ओळ आपला साठा पुढच्या ओळीला देते आणि शेवटच्या ओळीतले एकेक घर मोजणीच्या तारेवर रिकामे होते. ॲस्ट्रोसॅटची सगळी चकती अशी एकदा रिकामी व्हायला सुमारे २.४ सेकंद लागतात, चंद्राच्या कॅमेऱ्यात एक फेरी ३.२ सेकंदांची असते. फोटॉन केव्हा आला हे त्या फेरीपुरतेच कळते, त्याहून बारीक नाही. आणि एकाच फेरीत एकाच घरात दोन फोटॉन पडले तर? काट्यावर दोन गाड्या एकदम चढल्या तर कारकून एकाच मोठ्या गाडीचे वजन लिहील. येथेही तसेच होते. संख्या कमी भरते आणि जोर दुप्पट दिसतो. म्हणून या कॅमेऱ्यांना मंद वस्तू मानवतात. तेजस्वी वस्तू पाहायची झाली तर चकतीचा थोडाच भाग वापरून फेरी लहान करतात.

येथवर काम सोपे वाटेल. खरी कसोटी पुढे आहे, कारण जेवढे मोजले तेवढे खाली पाठवता येत नाही. चंद्राचेच गणित मांडून पाहू. त्याच्या कॅमेऱ्यात दहा चकत्या आहेत आणि त्यांतल्या सहा एका वेळी चालवता येतात. प्रत्येकीवर १०२४ गुणिले १०२४, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास घरे. प्रत्येक घराचा आकडा लिहायला १२ बिट. सहा चकत्या दर ३.२ सेकंदांनी वाचल्या तर सेकंदाला २ कोटी ३० लाखांहून अधिक बिट तयार होतात. आणि या कॅमेऱ्याच्या वाट्याला खाली पाठवायला आलेले बिट किती? सेकंदाला २४ हजार. म्हणजे हजारात एकच भाग पाठवता येतो, ९९९ भाग वरच टाकून द्यायचे.

आणि टाकायचे काय, हे तेथे कोणाला विचारून ठरवता येत नाही. उपग्रहातील संगणकाला आधीच घालून दिलेल्या नियमांनी ते त्याच क्षणी ठरते. पहिला नियम असा की, घरातला आकडा एका ठराविक मर्यादेच्या वर असेल तरच त्याच्याकडे पाहायचे. बाकीची घरे रिकामी धरायची. बहुतेक घरे रिकामीच असतात, त्यामुळे येथेच भार पुष्कळ हलका होतो. दुसरा नियम म्हणजे, ते घर शेजाऱ्यांपेक्षा मोठे असले पाहिजे. तसे असले की त्याच्याभोवतीची आठ घरे धरून नऊ घरांचा चौकोन उचलायचा, कारण फोटॉन दोन घरांच्या बांधावर पडला तर त्याचे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे वाटले जातात. तिसरा नियम आकाराचा. खऱ्या क्ष-किरणाचा ठसा लहान असतो, एका-दोन घरांचा, फार तर चार. विश्वकिरणांचे कण मात्र चकती ओरबाडून जातात आणि लांब किंवा पसरट डाग ठेवतात. असे डाग ओळखून बाद करतात.

नऊ घरांचा चौकोन पाठवला तर चंद्राला सेकंदाला सुमारे १७० नोंदी पाठवता येतात. नऊऐवजी पंचवीस घरे पाठवली तर खरेखोटे अधिक चांगले पारखता येते, पण नोंदी ७० च्या आसपास येऊन ठेपतात. कोणती पद्धत घ्यायची हे शास्त्रज्ञाला आधी सांगावे लागते, आणि वहीत जागा पुरली नाही तर फेऱ्याच्या फेऱ्या गळतात. त्या परत मिळवता येत नाहीत. तारा आपल्यासाठी तोच प्रकाश पुन्हा पाठवत नाही.

या नोंदी मोठ्या मोलाच्या का, हे चंद्राच्या पहिल्याच महिन्यांत दिसून आले. १९९९ मध्ये कॅमेऱ्याचे दार उघडल्यावर उपग्रह पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून काही वेळा गेला. क्ष-किरण घसरवत आणणाऱ्या त्याच आरशांनी कमी जोराचे प्रोटॉनही घसरवत चकत्यांवर आणले. दहापैकी आठ चकत्यांच्या सिलिकॉनमध्ये खळगे पडल्यासारखे झाले. घागरी पुढे देताना वाटेत पाणी सांडू लागले आणि जितके घर दूर, तितके वजन कमी भरू लागले. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवून ठेवतात, त्यामुळे नुकसान पुष्कळच आटोक्यात आले. झालेल्या नुकसानीचे काय? वरून जर तयार फोटो येत असता तर तो कायमचा पुसटच राहिला असता. पण प्रत्येक फोटॉन कोणत्या घरात पडला हे वहीत लिहिलेले होते. त्या घरापासून किती ओळी ओलांडाव्या लागतात आणि वाटेत किती सांडते, याचा हिशेब मांडून वजने बऱ्याच अंशी दुरुस्त करता आली.

नोंदी खाली येतात त्या लागलीच नव्हे. चंद्रा आपल्या लांबट कक्षेत सव्वा लाख किलोमीटरांहूनही दूर जातो. तो १.८ गिगाबिटांच्या साठ्यात सगळे लिहून ठेवतो आणि साधारण आठ तासांनी एकदा कॅलिफोर्निया, स्पेन किंवा ऑस्ट्रेलिया येथील मोठ्या तबकड्यांपैकी एकीला ऐकवतो. ॲस्ट्रोसॅट फक्त ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताला लागूनच फिरतो. दिवसाला त्याच्या चौदा फेऱ्या होतात आणि त्यांपैकी दहांच्या सुमारास तो बंगळूरच्या केंद्राला दिसतो. प्रत्येक वेळी हाती मिनिटे थोडीच असतात. आकडे गठ्ठ्यांत बांधलेले असतात. गठ्ठ्यावर अनुक्रमांक असतो आणि व्यापारी बेरजेचा ताळा घेतात तसे काही जादा आकडे जोडलेले असतात, त्यांवरून वाटेत एखादा आकडा बिघडला तर तो पकडता येतो आणि बहुधा दुरुस्तही करता येतो. खाली आल्यावर बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील केंद्रात ते लावून ठेवतात.

आपल्या बेटावरही भारतीय अवकाश संस्थेचे एक केंद्र आहे. त्यासाठी दोन्ही देशांमध्ये १९८६ साली करार झाला. प्रक्षेपित होणारी भारतीय रॉकेटे आणि उपग्रह यांचा माग ठेवणे हे त्याचे काम. ॲस्ट्रोसॅटची विज्ञानाची वही मात्र बंगळूरलाच उतरते. तो उपग्रह आपल्या डोक्यावरून जात नाही, दक्षिणेकडे सहा अंशांपलीकडे तो उतरतच नाही. म्हणजे आपल्या आगालेगाच्याही उत्तरेकडून, समुद्रावरूनच, त्याची वाट आहे.

आता आम्हाला सर्वांत आवडलेली हकीकत. ॲस्ट्रोसॅटवर आणखी एक कॅमेरा आहे, अधिक जोराच्या क्ष-किरणांसाठी. तेथे आरसाही चालत नाही, म्हणून छिद्रे पाडलेला एक धातूचा पत्रा समोर धरून त्याची सावली खालच्या १६,३८४ घरांवर पाडतात आणि सावलीवरून किरणांची दिशा काढतात. याच्या नोंदी पुण्याच्या आयुका या संस्थेत तपासून लावल्या जातात. या कॅमेऱ्याला फेऱ्या नाहीत. फोटॉन आला की लगेच नोंद होते, आणि वेळ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत लिहिली जाते. येथे कधी कधी दोन शेजारच्या घरांत एकाच क्षणी नोंदी होतात. एक फोटॉन एका घरावर आदळून, उडून, शेजारच्या घरात जाऊन बसलेला असतो. चित्र काढणाऱ्याला अशी जोडी निरुपयोगी, कारण मूळ जागा कोणती? सावलीच्या हिशेबातून ती वगळावीच लागते.

पण फोटॉन उडाला कोणत्या बाजूला, यावर त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावत होत्या हे अवलंबून असते. पुष्कळ जोड्या जमवल्या तर किरणांच्या कंपनाची दिशा समजते, आणि तीवरून ते निर्माण झाले तेथील चुंबकीय क्षेत्राविषयी अंदाज बांधता येतो. सन १०५४ मध्ये लोकांनी दिवसा पाहिलेला तारा फुटून जो खेकडा तेजोमेघ झाला, त्याच्या मध्यभागी एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा गरगरतो. ॲस्ट्रोसॅटने सुमारे दीड वर्षाच्या काळात त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले. अहमदाबाद, मुंबई, पुणे आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी ह्या ‘निरुपयोगी’ जोड्या बाजूला काढल्या, प्रत्येकीची वेळ ताऱ्याच्या गिरकीशी ताडून पाहिली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात निष्कर्ष प्रसिद्ध केला. ताऱ्याचा झोत आपल्याकडे वळलेला नसतो त्या अवधीतही कंपनाचे स्वरूप बदलत होते. तेव्हा ताऱ्याचा काही हात नसावा असे धरले जात होते, म्हणून हे अनपेक्षित होते. वरच्या संगणकाला ‘जोडी दिसली की टाकून दे’ असा नियम घातला असता तर हे कोणालाच कळले नसते.

वेळ ताडून पाहणे म्हणजे काय, याचाही येथे खुलासा करतो. उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो, पृथ्वी सूर्याभोवती. त्यामुळे ताऱ्याचा प्रकाश कधी लवकर पोहोचतो, कधी उशिरा, आणि वर्षभरात हा फरक मिनिटांत मोजावा इतका होतो. सेकंदाला तीस गिरक्या घेणाऱ्या ताऱ्यापुढे मिनिटांचा फरक म्हणजे सगळाच गोंधळ. म्हणून प्रत्येक नोंदीची वेळ, आपण जणू सूर्यमालेच्या मध्यावर बसून पाहत होतो अशी बदलून घेतात. फोटो हाती असता तर हे करता येण्याजोगे नव्हते.

वही असल्याचा दुसरा लाभ असा की जुनी पाने नव्या पानांना जोडता येतात. आकाशाच्या दक्षिण भागातील एका लहानशा तुकड्याकडे चंद्राने १९९९ ते २०१६ या काळात तुकड्यातुकड्याने ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवस, पाहिले. सर्व नोंदी एकत्र केल्यावर त्यात एक हजारावर वस्तू सापडल्या. त्यांपैकी अगदी मंद वस्तूंच्या वाट्याला ८१ दिवसांत मोजकेच फोटॉन आले आहेत, आणि प्रत्येकाची वेळ, जागा व वजन लिहिलेले आहे.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी पाठवला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला दहा वर्षे पुरी झाली. ज्याने निरीक्षण मागितले त्याचा हक्क ठराविक मुदतीपुरता राखून ठेवतात, नंतर त्या नोंदी सर्वांना खुल्या होतात. अशा नोंदींचे भांडार २०१८ पासून उघडे आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. रेद्वीच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना घरच्या संगणकावर त्या उतरवून घेता येतात. मात्र उघडल्यावर चित्र दिसेल अशी अपेक्षा कोणी करू नये. पहिल्या रकान्यात वेळ असेल, पुढे घराचा क्रमांक, पुढे वजन.